काशाचा आवाज

माझ्या विहीणबाईंनी आजवर एकही लग्न मुहूर्तावर लागू दिलेलं नाही. मुहूर्त भटजी काढतात, तो पत्रिकेवर छापून येतो, लॉनवाला त्या बेतानं दिवे लावतो, पण आमच्या दोन्ही घरांतलं लग्न लागतं ते विहीणबाईंचा शेवटचा सूर विझेल तेव्हा, आणि तो कधी विझेल हे पंचांगात नसतं. विहीणबाई म्हणजे माझ्या लेकीच्या सासूबाई. आमच्या इकडे इहीणबाई म्हणतात. त्या मला तेच म्हणतात, मीही त्यांना तेच म्हणते, त्यामुळे आम्ही दोघी एका खोलीत असलो की कोण कोणाला हाक मारतंय हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. विहिणींचं नातं खरं तर समोरचीचं काय चुकलं ते लक्षात ठेवायचं. मीही सुरुवातीची काही वर्षं ते मन लावून केलं. पण ह्या बाईंच्या बाबतीत माझी पंचाईत अशी होते की चुकलं कुठे आणि बरोबर कुठे हेच मला ठरवता येत नाही. त्यांच्या गाण्याचं तर आजही कळलेलं नाही. कळलं असतं तर हे लिहायला बसलेच नसते.

आमच्याकडे लग्नात शेवटचं मंगलाष्टक त्यांचं. आधी भटजी म्हणतात, मग मावश्या-माम्या कागद उलटसुलट करत, एकमेकींना पुढे ढकलत आपापलं म्हणून टाकतात, आणि मग मांडवात एकाएकी सगळे गप्प होतात, कारण इहीणबाई घसा खाकरतात. मंगलाष्टक त्या स्वतः रचतात. त्यात वधूवर असतात, दोघांचं आजोळ असतं, कुलदैवत असतं, आणि जागा उरली तर नोकरीही असते. एका पुतण्याच्या लग्नात त्यांनी बुटीबोरीचा कापडाचा कारखाना आणि तिथली रात्रपाळी अशी काही वृत्तात बसवली होती की नवरीनं अंतरपाटामागून मान वर करून पाहिलं. तिला बहुतेक रात्रपाळीचं कुणी सांगितलं नव्हतं. शेवटची ओळ सरते, ‘सावधान’ येतं, आणि त्या ‘सावधान’मधला ‘धा’ त्या पकडतात तो सोडतच नाहीत. मग पदराआडून उजवा हात वर जातो, बोट गळ्यावर टेकतं, ते बोट हलतं आणि त्याबरोबर तो ‘धा’ही डोलायला लागतो. वाटतं, आता संपला. संपत नाही. नवीन पाहुणे फसतात आणि अक्षता टाकून मोकळे होतात. आमची घरची माणसं फसत नाहीत. आमच्याकडे लेकरांना बोलता यायला लागलं की जे काही शिकवतात त्यात हेही असतं: आवाज ऐकायचा नाही, आजीचा हात पाहायचा, हात खाली आला की टाकायच्या. बँडवाल्यालाही सुपारी देतानाच हे सांगून ठेवावं लागतं.

आता हे बोट गळ्यावर का, ते सांगते. त्यांना पाहायला मंडळी गेली, तेव्हा त्यांनी एक पद म्हणून दाखवलं होतं. नवरामुलगा नागपूरच्या इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानाचा. भांडं हातात घेतलं की नखानं टिचकी मारायची आणि कान लावायचा, ही त्यांची जन्माची सवय. स्टीलचं भांडं ठण्‌ वाजतं आणि मोकळं होतं. काशाचं तसं नाही. काशाची वाटी वाजवली की आवाज निघतो, घुमतो, आणि विझताना बारीक थरथरत थरथरत विझतो. कुठे संपला ते कानाला दाखवता येत नाही. तर पद ऐकून ते मोकळेपणानं म्हणाले, “आवाज पक्का आहे हो, पण स्टीलचा आहे. काशाचा नाही.” त्यांच्या धंद्यात ही काही नालस्ती नव्हती. स्टील तेव्हा नवीन होतं, लोक हौसेनं घेत होते. मुलगी पसंत पडली, लग्न झालं, दुकान वाढलं, आणि बोलणारा माणूस आपलं बोलणं त्याच दिवशी विसरला. इहीणबाई मात्र संसारभर आवाजात ती थरथर आणायच्या मागे लागल्या.

काय काय नाही केलं त्यांनी. नागपूरच्या उन्हाळ्यात घरोघरी कूलर असतो, आणि कूलरच्या पंख्यासमोर तोंड नेऊन ‘आ’ केलं की आवाजाचे तुकडे होतात, हे पोरांना माहीत असतं. पोरं एक दुपार खेळतात आणि सोडून देतात. इहीणबाई ते रियाज म्हणून करायच्या. डोळे मिटून, वाळ्याच्या जाळीला नाक टेकेल इतक्या जवळ बसून, पाण्याचे शिंतोडे अंगावर घेत. त्यांचं म्हणणं, गळ्याला सवय लागली की कूलर बंद केला तरी थरथर राहायला पाहिजे. कूलर बंद केला की उरायची ती सर्दी. मग त्या दळण घेऊन चक्कीवर जायला लागल्या. चक्कीच्या ओट्यावर उभं राहिलं की पायांतून कंप चढतो, तो गळ्यापर्यंत जाऊ द्यायचा असा बेत. चक्कीवाल्याला वाटायचं बाई घाईत आहेत, म्हणून तो त्यांचं दळण आधी काढून द्यायचा, आणि ह्या म्हणायच्या, राहू द्या हो, सगळ्यांचं होऊ द्या. लूना घेतली तेव्हा तर मागच्या सीटवर बसून खड्ड्यांच्या रस्त्यानं मुद्दाम जायला लावायच्या. व्याही बिचारे लूना चालवत राहायचे. बायको पाठीमागे भजन का म्हणते आहे, आणि रस्ता चांगला लागला की गप्प का होते, हे त्यांनी कधी विचारलं नाही. शेवटी एवढं सगळं करून काही येईना, तेव्हा बोटानं गळा हलवायचा उपाय निघाला. तो टिकला.

पण माझा गोंधळ बोटाशी सुरू होत नाही, त्याच्या खालच्या आवाजाशी होतो. आवाज काही एका जागी उभा राहत नाही. मी त्यांना प्रथम ऐकलं तेव्हा तो बारीक, टोकदार होता, कानाच्या आत जाऊन बसायचा. लेकरं झाल्यावर तो जरा खाली उतरला. पुढे केव्हातरी त्याला वजन आलं. पन्नाशीच्या आसपास म्हणाल तर असा भरला होता की चहा गाळता गाळता मी गाळणी तशीच धरून उभी राहायची. ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. विहिणीला एवढं सांगत नसतात. आणि त्यांना विचाराल, तर तेव्हाही त्यांचं एकच, थरथर कुठे आहे? नाहीच ना? झालं तर मग, आणि बोट गळ्याकडे.

व्याही गेले. दुकान मुलगा म्हणजे आमचे जावई पाहायला लागले. बाई वर्षभर काहीच गायल्या नाहीत. आणि मग एका गणपतीत आरती म्हणायला उभ्या राहिल्या तर आवाज थरथरला. हात दोन्ही टाळ्या वाजवण्यात. बोट नाही, कूलर नाही, लूना तर कधीच भंगारात गेलेली. आवाज आपला आपण थरथरत होता. आधी त्यांना वाटलं माइक बिघडला आहे. माइक बदलला. मग वाटलं माझे कान बिघडले आहेत, आणि तसं त्यांनी मला तोंडावर सांगितलं. गल्लीतल्या बायकांना वाटलं की ही आरतीची नवीन चाल आहे. त्या इतक्या मनापासून मागे म्हणायच्या की विसर्जनापर्यंत सगळ्याजणी माना हलवत थरथरत आरती म्हणायला लागल्या होत्या. एक नवी सून तेवढी सरळ म्हणायची, तर तिला बाजूला घेऊन समजावलं.

जिच्यासाठी आयुष्य घालवलं ती थरथर आली, तर बाईंनी आनंदानं पेढे वाटायला पाहिजेत की नाही? नाही. त्या तिला घालवायच्या मागे लागल्या. ज्येष्ठमध चघळणं आलं, वाफारे आले, दही बंद, चिंच बंद, संत्र्याच्या दिवसात संत्रं बंद, म्हणजे नागपुरात राहून शिक्षाच. मौनही झालं. त्यांचं मौन म्हणजे बोलायचं नाही, फक्त हुंकार द्यायचे. पण ते हुंकार इतके लांब आणि अर्थाचे असायचे की माझी लेक म्हणाली, आई, त्यापेक्षा बोलतात तेव्हा घरात शांतता असते.

अशात आमच्या दोघींच्या नातीचं लग्न ठरलं. मुक्ता. माझ्या लेकीची लेक, त्यांच्या लेकाची लेक. आम्ही दोघींनी मिळून वाढवली आणि मिळूनच बिघडवली. मुलगा नरखेड तालुक्यातला, घरी संत्र्याची बाग, दोघं पुण्याला एका ठिकाणी नोकरीला. आणि एक दिवस जावई माझ्याकडे आले. आले ते बसले, पाणी प्यायले, परत पाणी मागितलं. मग म्हणाले, आईला मंगलाष्टक म्हणू देऊ नका. त्यांना आईची लाज वाटत होती असं नाही, हे मला नीट सांगितलं पाहिजे. त्यांना भीती वाटत होती. मोठं लॉन, नवी माणसं, जो तो फोन वर धरून उभा. मधेच आवाज फुटला आणि कुणी हसलं, तर ती बाई पुन्हा तोंड उघडणार नाही. “तुम्हीच सांगा तिले,” ते म्हणाले. “मी सांगितलं तर ते रुसून बसन. तुमचं ऐकते ते.”

माझं त्या कधी ऐकतात ते मला ठाऊक नव्हतं, पण गेले. दुपारी गेले, म्हणजे निवांत बोलता येईल. इहीणबाईंनी जणू माझी वाटच पाहत असल्यासारखं कपाटातून दोन वाट्या काढून समोर ठेवल्या. दोन्ही काशाच्या, दुकानातल्या. एकीला टिचकी मारली; ती घुमली आणि थरथरत विझली. दुसरीला मारली, तीही थरथरली. पण तिच्यात एक बारीक तडा होता, आणि त्या तड्याची थरथर वेगळी होती, जरा खरखरीत. माझ्या कानाला नीट कळेना. त्यांनी मला समजावून दिलं की भांड्याचं त्यांना डोळे मिटून कळतं. मग त्या ताठ बसल्या, घसा साफ केला आणि मंगलाष्टकाची एक ओळ म्हटली. ओळ संपल्यावर माझ्याकडे पाहत राहिल्या.

“सांगा आता. काशाचं आहे का तडकलेलं?”

मी निरोप घेऊन गेले होते, उत्तर घेऊन नाही. खोटं बोलायला मला येतं, विहीण आहे मी. पण त्यातलं कोणतं उत्तर खोटं हे तरी माहीत पाहिजे ना. मी म्हटलं, मला नाही समजत. त्या रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या नाहीत. वाट्या एकात एक ठेवत म्हणाल्या, “इतकी वर्षं बोलावलं तवा आली नाही. आता न बोलावता येऊन बसली अन् जाऊन नाही राहिली. पाव्हणी आहे का घरची झाली, मलेच समजत नाही.” आणि मग अगदी सहज सांगितलं की मुक्ताचा फोन येऊन गेला; शेवटचं मंगलाष्टक आजीचंच, नाही तर ती अंतरपाटामागे उभीच राहणार नाही. झालं. मी घरी आले ती लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन. जावयांनी विचारलं, सांगितलं का? मी म्हटलं, बोलणं झालं. काय झालं ते त्यांनी विचारलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

मग आम्ही दोघी ई-रिक्षा करून डॉक्टरांकडे गेलो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाई, वयानं आमच्या मुक्ताएवढ्या. त्यांनी बारीक दिवा लावून घसा पाहिला आणि सांगितलं की आजार काही नाही. गळ्यातल्या ज्या पट्ट्यांनी आवाज निघतो त्या वयानं पातळ होतात, श्वासाचा जोर कमी होतो, म्हणून हलतं. मी विचारलं, म्हणजे वाईट का? त्या म्हणाल्या, वाईट नाही, वयाचं आहे. हे काय उत्तर झालं? तिथून आम्ही धरमपेठेत गाणं शिकवणाऱ्या एका बाईंकडे गेलो. त्यांनी चार ओळी म्हणायला लावल्या आणि त्या खूश झाल्या. म्हणाल्या, मुरलेल्या आवाजात अशी लहर असतेच. झोपाळा कसा दोन्हीकडे जातो पण कडी सोडत नाही, तशी ती सुराच्या दोन्ही अंगांना जाते आणि सूर सोडत नाही. ती कुणी आणून येत नाही. गळा सैल झाला, दम पक्का झाला की आपली येते. म्हातारपणी दम ढिला होतो आणि तोच झोपाळा मोठे, सावकाश झोके घ्यायला लागतो. मग माझ्या इहीणबाईंचा कोणता, असं मी विचारलं. त्या विचार करून म्हणाल्या, दोन्ही आहे. डॉक्टरीण म्हणते वय, मास्तरीण म्हणते गाणं, आणि वर दोन्ही. मला तिथे पाणी मागावं लागलं.

निघताना त्या बाईंनी विचारलं, ही लहर कधीपासून आहे? इहीणबाई म्हणाल्या, हे गेल्यानंतर. त्याआधी नव्हती? नव्हती, आधी मी बोटानं करत होती. बाई हसल्या आणि म्हणाल्या, मग ती आधीच आलेली असेल, मधल्या वर्षांत केव्हातरी. वरून बोट हलत होतं म्हणून तुम्हाला कळलं नसेल.

परत ई-रिक्षानंच निघालो. इतवारीच्या तोंडाशी हातगाड्यांत रिक्षा अडकली, समोरचा टेम्पो हलेना, तेव्हा बाहेर पाहतच म्हणाल्या, “मग यांनी ऐकली असन का?” मी त्यांच्याकडे पाहिलं. मग टेम्पोवाल्याला ओरडले.

लग्न वर्धा रोडवरच्या एका लॉनवर, गोरज मुहूर्तावर. नरखेडची मंडळी दोन बस भरून आलेली, धडधाकट, मोकळ्या आवाजाची, मूठभर अक्षता घेणारी. आमच्या दोघींचं ठरलं होतं: इहीणबाईंनी मंगलाष्टक छोटं केलं होतं, नोकरी काढून टाकली होती, आणि बोट अजिबात लावायचं नाही. भटजींचं झालं, माम्यांचं झालं. इहीणबाईंनी घसा खाकरला. आमच्या बाजूचे सगळे सवयीनं त्यांच्या हाताकडे पाहायला लागले. पहिल्या दोन ओळी बऱ्या गेल्या. तिसऱ्या ओळीत, मुक्ताचं नाव आलं तिथे, आवाज हलायला लागला आणि मोठे मोठे झोके घ्यायला लागला. त्यांचा हात आपोआप गळ्याकडे गेला, थरथर आणायला नाही, धरायला. तेवढ्यात दम संपला आणि आवाज थांबला. आणि नेमका त्याच वेळी पदर खांद्यावरून घसरला, तो सावरायला हात खाली आला.

पुढचं काही क्षणांत झालं. नरखेडकरांनी आवाज थांबलेला ऐकला आणि अक्षता टाकल्या. आमच्या लोकांनी हात खाली आलेला पाहिला आणि अक्षता टाकल्या. बँडवाल्याला हात पाहायलाच सांगितलं होतं, त्यानं काठी मारली. अंतरपाट धरणाऱ्या आमच्या पुतण्यानं एवढा आवाज ऐकून पाट सोडला. भटजी म्हणत होते, अहो थांबा, अहो सावधान व्हायचं आहे अजून, पण ते बँडमध्ये कुणाला ऐकू जातं. नवरदेव हार घेऊन तसाच उभा, घालू की नको. जावयांचा चेहरा पांढरा पडलेला. आणि इहीणबाई खाली बघत, पदर घट्ट धरून, स्टेजच्या कडेला सरकायला लागल्या. मागे कुणीतरी हसलं. त्यांनी ते ऐकलं हे मी पाहिलं.

तेव्हा मुक्तानं हार खाली घेतला. पुतण्याला म्हणाली, “दादा, पाट धर परत.” तो म्हणाला, “काहून वं? झालं ना.” “नाही झालं. आजीचं संपलं नाही अजून.” भटजींकडे सगळ्यांनी पाहिलं. भटजी बराच वेळ घड्याळाकडे बघून म्हणाले, मुहूर्ताला अजून जागा आहे. शास्त्रात असं कुठे आहे की नाही ते त्यांनाही माहीत नसावं, पण पाट पुन्हा वर गेला. ज्यांनी पुण्यात रोज एकमेकांना पाहिलं, आताही नीट पाहिलं, ते दोघं पुन्हा पाटाच्या दोन बाजूंना न पाहिल्यासारखे उभे राहिले. बँड गप्प झाला. पाटाच्या पलीकडून मुक्ता म्हणाली, “म्हण आजी. आम्ही थांबलो आहोत.”

इहीणबाईंनी तिसऱ्या ओळीपासून उचललं. आवाज हलत होताच, लपायला जागा नव्हती. ‘सावधान’ आलं, ‘धा’ आला, आणि हात पुन्हा गळ्यावर गेला. सगळं लॉन आता त्या हाताकडे पाहत होतं, नरखेडचे लोकसुद्धा. बोट हलवत होतं की धरून होतं, मी अगदी जवळ उभी असूनही सांगू शकत नाही. मग हात खाली आला. सावकाश, मुद्दाम खाली घेतला. आणि आवाज थांबला नाही. तो तसाच डोलत राहिला, बोटाशिवाय, आपला आपण, बारीक होत होत. कुणी अक्षता टाकल्या नाहीत, कारण कुणाकडे उरल्याच नव्हत्या. लोक एकमेकांच्या खांद्यावरचे, केसातले दाणे वेचत होते. नरखेडचे एक आजोबा आपल्या फेट्याच्या घडीतून बोटानं तांदूळ काढत होते. आवाज कुठे संपला ते मला दाखवता येणार नाही. पण संपला असावा, कारण पाट खाली आला आणि मुक्तानं हार घातला, आणि वेचलेले ते चार चार दाणे सगळीकडून उडाले.

माझी मूठ मात्र बंदच होती. पहिल्या गोंधळात मी टाकल्या नव्हत्या, आणि आता टाकायच्या राहून गेल्या. मूठ उघडली तर तळहात हळदीकुंकवानं रंगलेला, तांदूळ घामानं चिकटलेले. आणि ते पाहून मला एक जुनी गोष्ट आठवली.

जेवणं झाल्यावर मी त्यांना गाठलं आणि विचारलं, हलवत होतात की धरत होतात? इहीणबाई जिलबी खात होत्या, दही, चिंच सगळं चालू झालं होतं. म्हणाल्या, “मलेच नाही समजलं. तुम्ही जवळ होत्या ना, तुमालेच विचारणार होती.” मग माझी आठवण तिथे राहूनच गेली.

ती मी परवा सांगितली. त्या आल्या आहेत माझ्याकडे राहायला. बाहेर ऊन असं की रस्त्यावर चिटपाखरू नाही. दुपारी आम्ही दोघी कूलरसमोर चटई टाकून पडलो होतो. मी म्हटलं, मुक्ता तान्ही असताना तुमच्या पुतणीच्या लग्नात तुम्ही मंगलाष्टक म्हटलं, आठवतं? मुक्ता तुमच्या एका हातावर होती, दुसऱ्या हातात तिची बाटली. माझी लेक तापानं पडलेली. दोन्ही हात गुंतलेले, बोट लावताच आलं नाही. हातच वर जाईना म्हणून अक्षता केव्हा टाकाव्या ते कुणाला कळेना. मग एकानं टाकल्या तशा सगळ्यांनी टाकल्या. व्याही माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी टाकल्या नाहीत. पंगती बसल्या तरी त्यांची मूठ बंद होती, आणि ते कान लावल्यासारखे उभे होते.

इहीणबाई उठून बसल्या. “तवा थरथरला होता का आवाज?”

मी खूप आठवून पाहिलं. अजूनही पाहते आहे. मला व्याह्यांची मूठ दिसते, मनगटावरचं घड्याळ दिसतं, बोटांच्या फटीतून आलेलं कुंकू दिसतं. आवाज ऐकू येत नाही. मी त्यांना तसं सांगितलं. त्या कूलरच्या जाळीजवळ सरकून बसल्या, डोळे मिटले आणि ‘आ’ लावला. पंख्यानं त्याचे तुकडे तुकडे केले, पूर्वीसारखेच. मला वाटतं हसल्याही जरा.

तेवढ्यात लाईट गेली. पंखा काही एकदम थांबत नाही; सावकाश होत गेला, जाळीतून येणारं वारं मंदावलं, पाण्याचा आवाज बंद झाला. पाती थांबली. आवाज थरथरतच होता. खोलीत दुसरं काहीच वाजत नव्हतं. डोळे न उघडता त्यांनी मधेच विचारलं, “लाईट गेली का, इहीणबाई?”

मी म्हटलं, “नाही. आहे अजून. म्हणा तुम्ही.”